आत्याच्या मळ्यातलं तांबं

शाहपुर,
१४ जानेवारी २०२५

नेहा,

वर आशीर्वाद लिहायचा असतो हे मला माहीत आहे. आज लिहिला नाही, कारण मनात नाही.

फोन का केला नाही म्हणशील. भूषणच्या लग्नात तुझ्या आईने माझं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून भूषणच्या सासूला ऐकवलं. त्या बाईच्या पैठणीबद्दल मी जे बोलले ते खरंच होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. तुझ्या सख्ख्या भावाच्या मांडवात मी चोरासारखी उभी राहिले. त्या दिवसापासून तुमच्या घराशी माझा फोन बंद तो बंदच. आता जे बोलायचं ते कागदावर. कागद कोणी स्पीकरवर लावत नाही.

आता ऐक. सोमवारी तुझी माणसं माझ्या मळ्यात घुसली. मी मोटरपाशी होते. येऊन बघते तर केळीच्या दोन ओळींमध्ये खड्डे, बाजूला चाळण्या, कागदाच्या पिशव्या, आणि एक भिकन नावाचा माणूस आरामात माती चाळत बसलेला, पीठ चाळावं तशी. म्हटलं, "कोणाले इचारून आला रे?" तर म्हणे, "नेहा मॅडमने भेजा." नेहा मॅडम! जिचा शेंबूड मी माझ्या पदराने पुसला ती मॅडम!

वर मलाच विचारतो, "बाई, मळ्यात कधी बाहेरची माती टाकली का?" मी म्हटलं, "ही माती माझ्या बापाची आहे. बाहेरचा तू आहेस. चालता हो." त्याची एक पिशवी फाडली आणि पाटात ओतली. त्याचं मला काही वाटत नाही.

मला कळतं सगळं. पटवारीच्या कागदावर हा मळा तुझ्या बापाच्या, पांडूच्या नावाने होता, तो गेल्यावर तुझ्या आईच्या नावाने झाला. पण पांडू नेपानगरच्या मिलमध्ये लागला आणि मी कुंकू पुसून माहेरी परत आले, तेव्हा तो म्हणाला होता, "अक्का, मळा तू कर. तू आहेस तोवर तुझा." माझ्या भावाची जीभ होती ती. तो जाऊन चार वर्षं झाली नाहीत तर तुम्ही मायलेकी मोजायला लागल्या का? सरळ लिही. काय पाहिजे तुम्हाला?

भागाबाई

*

नागपूर,
२५ जानेवारी २०२५

ती. भागाआत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. भिकनची फाटकी पिशवीही मिळाली. त्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम तुम्ही पाटात ओतलंत. तुमचा राग आमच्यावर आहे, त्याच्यावर कशाला काढता?

मळा मी निवडलेला नाही. आमच्या ऑफिसने देडतलाईकडून शाहपुरपर्यंत नकाशावर एक रेषा आखली आणि ती तुमच्या केळीतून गेली. वाटेतल्या परक्या लोकांनी आमच्या माणसांना चहा पाजला. शिव्या फक्त माझ्या घरच्या शेतात मिळाल्या.

आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे गावभर भलतंच पसरायला नको. काळ्या मातीचा कण म्हणजे एकावर एक रचलेली पातळ पानं. त्या पानांना धातूची ओढ असते. पाण्यात विरघळलेलं तांबं, जस्त, शिसं जवळून जायला लागलं की माती त्याला धरून ठेवते. दगडाच्या खाली, खूप खोल, धातूचा साठा असला तर त्याचा अगदी बारीक अंश पाण्याबरोबर हजारो वर्षं वर झिरपत राहतो आणि वरची चिकणमाती तो गोळा करत बसते. म्हणून डोंगर फोडायच्या आधी आम्ही चिमूटभर माती चाळतो, त्यातला सगळ्यात बारीक भाग घेतो आणि सौम्य औषधात धुतो. दगडाचं स्वतःचं तांबं केळीच्या चिकासारखं असतं, कपड्याला लागलं की जन्मात निघत नाही. मागाहून येऊन चिकटलेलं तांबं हळदीच्या डागासारखं असतं, ते धुतल्यावर सुटतं. आम्ही ही हळद शोधतो.

काल लॅबचा निकाल आला. सगळ्या रेषेवर तांबं आणि जस्त बेताचं आहे. तुमच्या मळ्यात दोन्ही एकदम चढलेलं आहे, सोबत शिसंही. आणि ते हळदीसारखं सैल आहे. म्हणजे ते नंतर आलेलं आहे, आणि दुसरीकडून यायला जागाच नाही, तर ते खालून आलेलं आहे.

ऑफिस तिथे मशीन लावून खोल भोक पाडणार. मळ्याच्या मध्यावरची बाग काढावी लागेल आणि काम चालेल तोवर तुम्हाला आत जाता येणार नाही. भरपाई नियमाप्रमाणे मिळेल. सही जमिनीच्या मालकाची लागते, आणि मालक आई आहे.

भिकनला तुम्ही माती बाहेरची नाही असं स्पष्ट सांगितलंत. त्यामुळे माझं काम सोपं झालं. तेवढ्याबद्दल आभारी आहे.

नेहा

*

शाहपुर,
४ फेब्रुवारी २०२५

नेहा,

"तुम्ही"? केव्हापासून गं? तुला दात नव्हते तेव्हापासून तू मला "तू" म्हणत आलीस. आता तुम्ही, नियम, भरपाई, आभार. ठाण्यात तक्रार लिहून द्यावी तसं पत्र आहे तुझं. खाली शिक्का तेवढा राहिला.

चीक आणि हळद तू मला शिकवणार? माझं एक लुगडं दाखव ज्याला चिकाचा डाग नाही. घड कापणारे कापून जातात, चीक माझ्या अंगावर गळतो. तू केळी पाहिलीस ती ताटात.

मळा माझ्याकडे आला तेव्हा काय होता ते तुला माहीत आहे का? मुरूम होता, नुसता पिवळा मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. ढोरंसुद्धा तिथे बसत नव्हती. मी केळी लावते म्हटल्यावर लोक पोट धरून हसले, भागाबाईचं डोकं फिरलं म्हणाले. आज येऊन बघ. पान डोक्याच्या वर आहे आणि घड लोंबताना खोडाला टेकू द्यावा लागतो. ही माती मी केली आहे. डोक्यावर पाट्या वाहून केली आहे. कशी केली, काय केली, ते तुझ्या लॅबला कळायचं नाही.

आणि एकदाच सांगते, कान देऊन ऐक. त्या मळ्याखाली काही नाही. दगड आहे. मी सांगते म्हणून सांगते. पुढे तुझी मर्जी.

दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या मळ्याच्या बांधावर, आंब्याखाली, मी पांडूच्या नावाने घागर भरते. खरबूज ठेवते, सांजोरी ठेवते, त्याला आवडायची म्हणून. तुझी आई येत नाही, भूषण पुण्याहून येत नाही, तू तर मॅडम. मी एकटी भरते आणि एकटी रडते. तिथे मशीन आलं तर घागर कुठे ठेवू ते तेवढं तुझ्या साहेबाला विचार. मशीनच्या डोक्यावर ठेवू?

यमुनेला सांग, सही केलीस तर माझ्या तिरडीलाही येऊ नको.

भागाबाई

*

नागपूर,
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

ठीक आहे, "तू". मग "तू"मध्येच ऐकून घे.

माती कोणी "करत" नाही. तू पाचोळा कुजवलास, शेणखत ओढलंस, पाणी दिलंस, रक्त आटवलंस, सगळं मान्य. त्याने जमीन सुधारते. त्याने जमिनीत तांबं येत नाही. शेणात शिसं नसतं. तुझ्या मेहनतीला मी नाव ठेवत नाहीये, पण प्रत्येक गोष्ट तुझ्याच हातून होते असं नाही. काही गोष्टी तू जन्मायच्या आधीपासून जमिनीत असतात.

"खाली काही नाही, मी सांगते म्हणून." अगं, मी यातच शिकले! चार वर्षं मी दुसऱ्यांचे नकाशे उचलत फिरले. कुठल्याही रिपोर्टवर माझं नाव खाली, बारीक अक्षरात. ही पहिली जागा आहे जी माझी म्हणून ऑफिसात ओळखली जाते. योगेंद्र सरांसमोर मी उभी राहून बोलले आणि पहिल्यांदा कोणी मध्ये तोडलं नाही. त्यांनी विचारलं, जमीनवाल्यांचा त्रास होईल का? मी म्हटलं, नाही सर, घरचीच जमीन आहे. आणि तू मला काय देतेस? तिरडी.

आणि दादांच्या जिभेचं तू सारखं काढतेस म्हणून सांगते. त्या जिभेपायी आम्ही क्वार्टरच्या दोन खोल्यांत वाढलो. दादा रिटायर होऊन गावी घर बांधायचं म्हणत होते, पण कुठे? मळा तुझा. तू दर हंगामाला एक घड पाठवायचीस, तोही डागाळलेला, व्यापाऱ्याने नाकारलेला. आई निमूट वाटून टाकायची. मी मोजत नव्हते तेव्हा. तूच मोजायला शिकवलंस.

आईने सही केली आहे. आखाजी झाली की मशीन येईल. तोवर मधल्या ओळीचे घड उतरवून घे. घागर तुला हवी तिथे भर.

नेहा

*

शाहपुर,
१ मार्च २०२५

नेहा,

यमुनेने सही केली. बरं झालं, कळलं तरी.

आता मी अडवत नाही. आण मशीन. दोन आण. फाटक उघडं ठेवते. मी आंब्याखाली खाट टाकून बसेन, साऱ्या गल्लीला बोलावेन आणि भजी तळेन. तुझे योगेंद्र सर टोपी घालून उभे राहतील, मशीन घरघर करेल आणि खालून काळ्या दगडाची भुकटी निघेल. सकाळी भुकटी, संध्याकाळी भुकटी. मग ते सर तुझ्या तोंडाकडे बघतील. मला ते तोंड बघायचं आहे. त्यासाठी बाग गेली तर जाऊ दे.

त्या दिवशी मला फोन कर. मी उचलेन. आणि रेकॉर्ड करेन.

भागाबाई

*

नागपूर,
२९ मार्च २०२५

आत्या,

तुझं भज्यांचं पत्र वाचून आधी मी खूप हसले. मग हसू गेलं. तुला शिव्या द्यायची सवय आहे, पण पैज लावायची नाही. स्वतःची बाग पणाला लावून कोणी इतक्या खात्रीने बोलतं तेव्हा त्याला काहीतरी माहीत असतं.

म्हणून मी आले. तू मला पाहिलंस. फाटक खरंच उघडं होतं आणि तू खाटेवर पाठ करून बसलेली होतीस, एकदाही वळली नाहीस. पाणीसुद्धा विचारलं नाहीस. भिकनने बांधाजवळ खड्डा केला, या वेळी खोल, आणि मी आत उतरले.

काळी माती कोपरापर्यंत. आणि खाली एकदम पिवळा मुरूम. मधे कापल्यासारखी रेघ. आत्या, जमीन अशी नसते. काळी माती खाली जाताना करडी होते, तिच्यात खडे मिसळतात, मग हळूच मुरूम लागतो. इतकी सरळ रेघ फक्त माणूस ओढतो. मी प्रत्येक थराची वेगळी पिशवी भरली. निकाल आला आहे. तांबं, जस्त, शिसं सगळं काळ्या थरात. मुरमात काही नाही. खालून वर येणारी गोष्ट मुरूम ओलांडून कशी येईल, त्याला न शिवता? ती खालून आलीच नव्हती. हळद वरून सांडलेली होती आणि मी ती खालून आली म्हणून साऱ्या ऑफिसला सांगत सुटले.

आणि चाळणीत काय सापडलं ते तुला माहीतच असेल. एक पाय. अंगठ्याएवढा, प्लास्टरचा. घोट्यात सोनेरी तोडा. भिकन पाठमोरा होता, मी तो खिशात टाकला.

तो सोनेरी रंग म्हणजे पितळेची भुकटी. तांबं आणि जस्त. लाल-पिवळ्या रंगांत शिसं. गावाबाहेरच्या तळ्यात वर्षानुवर्षं गणपती बुडतात, देवी बुडतात, रंग सुटतो, आणि तळाची काळी चिकणमाती तो सगळा धातू पिऊन बसते. तू त्या तळ्यातला गाळ आणून मुरमावर पसरलास. ही तुझी "मी केलेली माती".

भिकनने तुला तोंडावर विचारलं होतं! एक "हो" म्हणाली असतीस तर त्याच दिवशी तुझा मळा रेषेतून वगळला असता. ना मशीन, ना सही, ना ही पत्रं. पण तुला मला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. की गावाची भीती? विसर्जनाचा गाळ उपसला, देवाच्या अंगावर शेणखत टाकून केळी पिकवली, हे लोकांना कळलं तर भागाबाईच्या हातचं पाणी कोणी पिणार नाही, म्हणून? तुझ्या अब्रूसाठी तू माझी नोकरी जाळायला निघालीस. शाबास!

आता मला रिपोर्ट फिरवावा लागणार. माती कुठून आली तेही त्यात लिहावं लागणार. मी लिहिणार.

आणखी एक, हे भांडण नाही, नीट वाच. खड्ड्याशेजारी अॅसिडचे कॅन पडले होते. ठिबकच्या नळ्या धुवायला तू ते सोडतेस ना? बंद कर. चिकणमाती शिसं घट्ट धरते, पण अॅसिड लागलं की सोडते. सोडलेलं शिसं मुळांत जाईल, विहिरीत जाईल. त्याच विहिरीचं तू पितेस.

नेहा

*

शाहपुर,
५ एप्रिल २०२५

नेहा,

लिही ना. कोण धरतंय तुझा हात? पण लिहायचं तर पुरतं लिही, अर्धं नको.

ज्या उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं त्या उन्हाळ्यात सारा इलाखा गाळ ओढत होता. ज्याला जिथला मिळाला तिथला. या तळ्याला कोणी हात लावला नाही. आत देव होते. मी पण लावला नसता. तुझा बाप सुट्टीवर आला होता. तळ्याच्या काठावर बसला, चिमूटभर माती चोळून बघितली आणि म्हणाला, "अक्का, मिलमध्ये आम्ही कागदात चिनी माती घालतो. मातीला विटाळ नसतो गं. जे येईल ते ती धरून बसते. हा गाळ टाकलास तर तुझा मळा उभा राहील." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मी आणतो.

ट्रॉली त्याने ठरवली. पहाटे माणसं उठायच्या आत ओढायचं, वरून शेणखत टाकायचं, कोणाला कळू द्यायचं नाही. मी पाट्या वाहिल्या आणि तो गाळात बसून देव वेचायचा. हात, सोंड, उंदीर, मुकुट. बोटं रक्ताळली त्याची. पोतं भरलं की सायकलला बांधून जैनाबादच्या बाजूला तापीत सोडून यायचा. एक तुकडा मळ्यात जाऊ दिला नाही म्हणायचा. तुला पाय सापडला हे वाचून मला त्याचंच तोंड दिसलं.

रिटायर झाल्यावर त्याने दारोदार हिंडून तळ्याला विसर्जनाच्या पायऱ्या बांधून घेतल्या. गावाने त्याच्या नावाची पाटी लावली. गणपतीला पहिली आरती अजून त्याच्या नावाने होते. तुला काय वाटलं, त्याला भक्ती आली होती? तो फेडत होता. आता तू लिही, या तळ्याचा गाळ पांडुरंगाने काढला आणि बहिणीच्या केळीत घातला. उद्या लोक ती पाटी उपटून फेकतील. लेकीच्या हातून होईल ते बरंच दिसेल.

माझी अब्रू म्हणतेस! अगं, भर मांडवात माझी अब्रू गेली तेव्हा मी जेवून आले. दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. मला गाव कशाला भिववेल? भिकनला मी खोटं बोलले ते माझ्या भावासाठी. आणि तू म्हणतेस एक शब्द सांगायचा होता. कोणाला सांगू? तू विचारायला आलीस का? परक्या माणसाच्या हातात चाळणी देऊन पाठवलंस. तू स्वतः फाटकात उभी राहून विचारलं असतंस, "आत्या, माती कुठली गं?" तर मी तुला आधी दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मग सांगितलं असतं.

तो पाय मला पाठव. तापीत सोडायचा राहिला आहे.

भागाबाई

*

नागपूर,
१४ एप्रिल २०२५

आत्या,

रिपोर्ट दिला. त्यात असं लिहिलं आहे: वरचा थर बाहेरून आणलेल्या गाळाचा आहे, धातू त्या गाळातला आहे, खालच्या मुरमात काही नाही, मशीन लावायची गरज नाही. कुठला गाळ ते मी लिहिलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले नसते, दादांचं नाव आलं असतं तरी. कोणी विचारलं नाही. योगेंद्र सरांनी पान उलटलं आणि म्हणाले, पुढची रेषा ऋषिकेश बघेल. मी परत टेबलावर, दुसऱ्यांच्या पिशव्यांना नंबर घालते आहे. तुझा मळा वाचला. तुला माझं तोंड बघायचं होतं ना, ते तेवढं राहिलं.

मी स्वतः यायला हवं होतं म्हणतेस. हो, यायला हवं होतं. पण मी फाटकात आले असते तर तू दोन शिव्यांवर थांबली असतीस यावर माझा विश्वास नाही. अजून नाही.

पाय मी पाठवणार नाही. तापीत तर मुळीच सोडणार नाही. तोच रंग, तेच शिसं, खाली कुठल्या तरी चिखलात जाऊन बसेल आणि कोणाच्या तरी शेतात निघेल. दादांनी सोडलं तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत आहे. पाय माझ्या टेबलाच्या खणात आहे, डबीत.

भिकनने त्या दिवशी तुझ्या बागेतली एक फणी तोडली होती. चोरी म्हण. लॅबमध्ये तपासून घेतली. केळ्यात शिसं नाही. माती अजून धरून आहे. म्हणून पुन्हा सांगते, अॅसिड नको. आणि मळ्यात पालेभाजी लावू नको, लावलीस तरी खाऊ नको. विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठव, मी तपासते.

शेवटचं. आईने सही केली नव्हती. मी कागद पुढे ठेवला तर तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाली, "तो मळा अक्काचा आहे. तुझ्या दादांनी दिलेला शब्द मी मोडणार नाही." मी ओरडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ती हलली नाही. सरांना मी सही मिळाली असं सांगितलं आणि तुलाही. वाटलं होतं, तू घाबरून गप्प बसशील, मग तीही वळेल. तुम्ही दोघीही वळल्या नाहीत. गाळाचं तिला तेव्हा माहीत नव्हतं आणि अजूनही मी सांगितलेलं नाही. ते तू सांग, नाही तर नको सांगू.

नेहा

*

शाहपुर,
२१ एप्रिल २०२५

यमुना,

पत्ता पोरीचा आहे पण पत्र तुला आहे. तिने आधी फोडलं असेल तर तिचं तिने बघावं, तिला कागद वाचायची फार हौस.

तू सही केली नाहीस हे मला आत्ता कळलं. फेब्रुवारीपासून मी तुला शिव्या देते आहे, मोटरपाशी, मोठ्याने, मजुरांदेखत. त्या आता परत घेता येत नाहीत. आणि सगळ्या काही फुकट गेल्या असंही नाही, भूषणच्या सासूचं मी विसरलेले नाही. पण जिथे बोलायचं तिथे तू बोललीस. माझ्या पाठीमागे, माझ्यासाठी, पोटच्या पोरीशी. हे मी केलं असतं का ते मला सांगता येत नाही.

अॅसिडचे कॅन उचलून दुकानात परत दिले. नळ्या आता टोकं सोडून नुसत्या पाण्याने काढते, वेळ फार लागतो. विहिरीचं पाणी बाटलीत भरून ठेवलं आहे. पोस्टात घेत नाहीत. कोणी आलं तर घेऊन जाईल.

आखाजी जवळ आली. यंदा घागर तू भर. तुझा नवरा आहे, सांजोरी तुझ्या हातची त्याला जास्त आवडायची, मी कधी कबूल केलं नाही. आंब्याखाली बसू. मला तुला पांडूचं एक सांगायचं आहे. कागदावर नको, तिथेच सांगेन, मातीवर बसून. ऐकून तू रडशील की मला मारशील, माहीत नाही.

पोरीला आणायचं तर आण. मी तिच्याशी बोलेन असं नाही, पण वाढेन. तिला सांग, पाय घेऊन ये. नदीत सोडणार नाही म्हणते तर नको सोडू. घागरीच्या शेजारी ठेवू, तिच्या बापाचा वेचायचा राहिलेला म्हणून, आणि जेवण झालं की तिची डबी तिला परत. पाटीवर दिवा लावायलाही तिने यावं. तिने ती पाटी वाचवली आहे.

आशीर्वाद मी त्या पहिल्या पत्रात लिहिला नव्हता. तो तिला सांग.

आणि येताना दोघी फोन घरी ठेवून या.

अक्का